आधी जिवंत राहावे लागते

"नव्या औषधाचा संपूर्ण कोर्स घेणाऱ्या रुग्णांचे आयुष्य, कोर्स अर्धवट सोडणाऱ्यांच्या तुलनेत, दुपटीहून अधिक असल्याचे चाचणीत दिसून आले आहे."

हे विधान संशोधन संस्थेच्या रुग्ण-माहितीपुस्तिकेत चौथ्या पानावर, निळ्या चौकटीत, ठळक टाइपात छापलेले आहे. चौकटीशेजारी एक वृद्ध जोडपे सायकली हातात धरून हसत उभे आहे. त्या जोडप्याने हे औषध घेतले होते, असा दावा पुस्तिका करत नाही. तिचा प्रामाणिकपणा येथे संपतो.

विधानातला एकही आकडा खोटा नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे. खोटे आकडे वापरणे हे नवशिक्यांचे काम. मुरलेली माणसे खऱ्या आकड्यांवर भागवतात. कोर्स सहा महिन्यांचा आहे. तो पुरा करायचा तर शीर सापडावी लागते, मळमळ सोसावी लागते, दर खेपेला रुग्णालयात नेणारे-आणणारे माणूस लागते. या सगळ्याच्या आधी आणखी एक गोष्ट लागते आणि तिचा उल्लेख करणे पुस्तिकेला बहुधा अभद्र वाटले असावे: सहा महिने जिवंत राहावे लागते. जो दुसऱ्याच महिन्यात गेला, त्याने कोर्स अर्धवट सोडला असे धरून त्याची रवानगी दुसऱ्या गटात झाली. म्हणजे लवकर गेलेले सगळे एकीकडे. आणि दुसरीकडे असे लोक, ज्यांच्या पदरात गटात शिरतानाच सहा महिन्यांचे आयुष्य पडलेले. मग दोन्ही गटांची तुलना करायची आणि कोर्स पुरा केलेले अधिक जगले म्हणून औषधाची पाठ थोपटायची.

याच रीतीने, लग्नाचा सुवर्णमहोत्सव साजरा केल्याने आयुष्य वाढते हेही सिद्ध करता येईल. ज्यांनी तो साजरा केला, त्यांतला एकही जण तिशीत वारलेला नाही. तेव्हा नवविवाहितांनी तो पहिल्याच आठवड्यात उरकून घ्यावा आणि पुढची पन्नास वर्षे निर्धास्त राहावे.

हा विनोद माझा नाही. माझ्या भावोजींचा आहे. चाचण्यांच्या कामाला लागण्यापूर्वी ते विद्यापीठात सांख्यिकी शिकवत. मीही त्यांची विद्यार्थिनी. ताईशी त्यांचे लग्न नंतर जमले, त्यात माझा काही दोष नाही. प्रत्येक तुकडीला ते हा सुवर्णमहोत्सव ऐकवत, आणि त्यानंतरही परीक्षेत कुणी ही चूक केलीच, तर उत्तरपत्रिकेच्या कडेला लाल शाईने लिहीत: "उमेदवाराने मेलेल्यांवर अन्याय केला आहे." आता संस्थेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख भावोजीच आहेत. निळ्या चौकटीतली तुलना त्यांच्याच विभागातून निघाली होती. त्यामुळे ही चूक नजरचुकीने घडली, असे समजून घेण्याची सोय उरली नव्हती.

आणि तरीही मी एखाद्या नियतकालिकाला चार परिच्छेदांचे थंड पत्र धाडून मोकळी झाले असते. पण ती पुस्तिका माझ्यापुढे टाकली ती ताईने. रविवारची दुपार होती, जेवणे झाली होती. ताई माझी थोरली बहीण, भावोजींची बायको, धंद्याने पुस्तकबांधणीवाली. घराच्या मागच्या खोलीत तिचा शिकंजा, सुया, मेणाचा दोरा आणि खळीचे भांडे असते. निम्म्या शहरातली खिळखिळी पुस्तके तिथून ताठ कण्याने बाहेर पडतात. दोन महिन्यांपूर्वी तिच्या आजाराचे निदान झाले. औषध हेच, पुस्तिकेतले. ते घ्यायचे की नाही, हे तिला येत्या शुक्रवारी डॉक्टरीणबाईंना सांगायचे होते. या औषधाने बोटांची टोके बधिर होतात, पुष्कळांची कायमची. कागदाचे तंतू कोणत्या दिशेने आहेत, खळ किती ओली आहे, दोरा तुटण्याच्या किती अलीकडे आहे, हे ताई बोटांच्या टोकांनीच जाणते. पहिल्या भेटीतच तिने डॉक्टरीणबाईंना सांगितले होते की बोटे देऊन मिळणारे आयुष्य तिला नको आहे.

"आता घेणार आहे मी औषध," ताई म्हणाली. "अशी बघतेस काय? खूश हो की जरा."

"कशामुळे बदललं मत?"

"हे वाच ना. दुप्पट! थोडंथोडकं असतं तर मी बोटं दिली नसती. पण दुप्पट म्हटल्यावर माणूस विचार करतो. बधिर तर बधिर. मी बसून हुकूम सोडेन, खळ हे लावतील."

"मी?" भावोजी मोरीपाशी भांडी घासत होते, या घरात जेवणानंतरची भांडी त्यांच्याकडे असतात. "मी लावलेल्या खळीने पुस्तक नाही, टेबल चिकटेल."

"बघ. आत्तापासून अंग काढून घेतायत."

मी चौथे पान वाचले. मग तळटीप वाचली; ती इतक्या बारीक टाइपात होती की छापणाऱ्यालाही लाज वाटली असावी. मग पुन्हा चौकट वाचली. तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत सदोष कारणांना हेत्वाभास म्हणतात आणि त्यांचे प्रकार मोठ्या मायेने वर्णन केलेले असतात. त्या ग्रंथकारांना हे पान दिसते, तर त्यांनी त्यासाठी स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले असते.

"भावोजी," मी म्हणाले, "सुवर्णमहोत्सव कधी आहे तुमचा?"

पाण्याचा आवाज थांबला नाही, पण घासण्याचा थांबला.

"अजून वेळ आहे, मेहुणीबाई."

"मग आजच उरकून घ्या. आयुष्य वाढतं म्हणे."

"हे काय चाललंय तुम्हा दोघांचं?" ताई म्हणाली. "मलाही कळू द्या. आजारी मी आहे."

ताईला काय सांगायचे, याचा मी फार विचार केला नाही. तिला गोड शब्दांत गुंडाळून दिलेली कोणतीही गोष्ट ती आधी उलगडते आणि मग गुंडाळणाऱ्याकडे बघते. मी तिच्या कामाच्या तपकिरी कागदाचा एक तुकडा घेतला आणि त्यावर, मधूनमधून बारक्या उभ्या रेघा देत, उतरता जिना काढला.

"सुरुवातीला सगळे जिवंत. म्हणून रेघ अगदी वर. एक माणूस गेला की रेघ एक पायरी खाली येते. दोन गट, दोन जिने. एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला जुनं. कुणाला कुठलं, हे चिठ्ठी टाकून ठरतं. आणि ज्या दिवशी चिठ्ठी निघाली, त्या दिवसापासून प्रत्येकाला मोजायचं. मध्येच औषध सोडलं तरी, दुसऱ्या आठवड्यात गेला तरी. गट बदलायचा नाही."

"आणि या बारक्या उभ्या रेघा कसल्या?"

"अभ्यास संपला तेव्हा जिवंत असलेली माणसं. किंवा शहर सोडून गेलेली. त्यांचं पुढचं आपल्याला ठाऊक नाही. जेवढं ठाऊक आहे तेवढं मोजायचं आणि पुढचं आपल्या मनाने रचायचं नाही."

"शाब्बास," मोरीकडून आवाज आला. "अजून लक्षात आहे."

"तुम्हीच शिकवलंत. विसरलात ते तुम्ही."

या चाचणीतले दोन खरे जिने मी पाहिलेले होते. मुख्य निष्कर्ष भावोजींनीच एका नियतकालिकात रीतसर प्रसिद्ध केले होते. तो लेख निर्दोष आहे, आणि अशा लेखांच्या नशिबी असते त्याप्रमाणे तो कुणी वाचलेला नाही. विद्वानांसाठी सत्य आणि रुग्णांसाठी निळी चौकट, अशी ही वाटणी होती. मी तेही दोन जिने कागदावर काढले. बाजारात भांडत-भांडत चाललेल्या दोन जावांसारखे ते एकमेकांना चिकटून खाली उतरत होते. कधी हा पुढे, कधी तो.

ताईने कागद जवळ ओढला. मग तिने बोट ठेवले ते दोहोंमधल्या फटीवर.

"एवढंच?"

"एवढंच. काही आठवडे. आणि तेही पक्कं म्हणता येत नाही."

"आणि दुप्पट?"

"ते लवकर गेलेल्यांना दुसऱ्या पंगतीत बसवून आलेलं आहे."

ताई उठली आणि मोरीच्या कट्ट्याशेजारच्या उंच स्टुलावर जाऊन बसली. लहानपणी आम्ही खोटे बोललो की आई अशीच येऊन बसायची, काही न बोलता, जवळ.

"अहो. ही म्हणतेय ते खरं आहे का?"

"गणिताच्या दृष्टीने..."

"गणिताची दृष्टी राहू द्या. तुमची सांगा."

भावोजींनी बचावाला प्रारंभ केला. तो मी येथे थोडक्यात देते, कारण त्याच्या पायऱ्या पुस्तकी आहेत. प्रथम त्यांनी तळटीप पुढे केली: तुलना प्राथमिक स्वरूपाची असल्याचे तीत नमूद आहे. मी विचारले, ती वाचायला भिंग पुस्तिकेसोबत मिळते का. मग ते म्हणाले की कोर्स सोडणारे मुळातच अधिक आजारी असू शकतात. मी म्हणाले, हे तर फिर्यादीचे म्हणणे झाले, बचावाचे नव्हे. मग त्यांनी शेवटचा आसरा शोधला.

"वरून आलं होतं. साहेबांना काहीतरी आशादायक हवं होतं."

संस्थेचे साहेब मला ठाऊक आहेत. कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या तरी ते मजकूर आधी कायदा विभागाकडे धाडतात. आशादायक हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा तर आधी समिती नेमावी लागेल.

"साहेबांना?" मी म्हणाले. "लिफ्टमध्ये बटण दाबायच्या आधी दोनदा विचार करणारे ते साहेब?"

"माणूस बदलतो."

"अहो," ताई म्हणाली, "माझ्याकडे बघून सांगा. त्या कढईकडे नको. कढई कधीच स्वच्छ झाली."

भावोजींनी कढई ठेवली. हात पुसले. मग न पुसलेल्यासारखे पुन्हा पुसले.

"साहेबांनी नको म्हटलं होतं," ते म्हणाले. "मीच लावून धरलं. तज्ज्ञ मी आहे ना. तज्ज्ञाने सांगितल्यावर ते गप्प बसले."

"कधी?"

"तुझा रिपोर्ट आला त्याच्या पुढच्या आठवड्यात. नवी आवृत्ती छपाईला जायची होती."

येथे माझा अंदाज साफ चुकला होता. मी हा गुन्हा संस्थेच्या खाती टाकून ठेवला होता. बाजार, निधी, कारकिर्दी, सगळी नेहमीची मंडळी मी आरोपीच्या पिंजऱ्यात आधीच उभी केली होती. त्यांच्यातले कुणीही हजर नव्हते. पिंजऱ्यात होता एक म्हातारा होत चाललेला गृहस्थ, ज्याच्या बाहीला साबणाचा फेस लागलेला होता.

"तुम्ही मला नुसतं सांगायचं होतंत," ताई म्हणाली. "की घे औषध म्हणून."

"माझं तू कधी ऐकलं आहेस? मी पाऊस पडतोय म्हटलं तर तू खिडकीतून हात बाहेर काढून बघतेस. छापलेलं असलं की मात्र लगेच विश्वास. स्वतः पुस्तकं बांधतेस, म्हणून त्यांच्या आतलंही खरं वाटतं तुला."

ताईच्या चेहऱ्यावर काय आले ते मी नेमके सांगू शकत नाही. हसू होते, एवढे नक्की. पण ते येऊन मागे फिरले.

"म्हणजे माझ्यासाठी पुस्तिका छापलीत," ती म्हणाली. "अगं बाई. इतक्या वर्षांत साधं फूल आणलं नाहीत कधी. आणि आणलंत ते हे."

"तसं नाही गं..."

"किती प्रती छापल्या?"

"बऱ्याच."

"बऱ्याच म्हणजे? सांख्यिकीवाले ना तुम्ही?"

"आठ हजार."

"एक माझी. उरलेल्या कुणाच्या?"

संतापलेली मी होते, असे मला इतका वेळ वाटत होते. ताईचा आवाज ऐकल्यावर मी माझा संताप गुपचूप आवरून घेतला. तो फार किरकोळ दिसत होता.

"कुठंतरी माझ्यासारखीच एक बाई असेल," ताई म्हणाली. "शिवणकाम करणारी, नाहीतर सतार वाजवणारी. तिच्या नवऱ्याने नाही छापली ती पुस्तिका. तिने वाचली आणि बोटं देऊन टाकली. तिला कोण सांगणार?"

"ते काही आठवडे म्हणजे काहीच नाहीत का?" भावोजी एकदम म्हणाले, आणि त्या दुपारचे ते त्यांचे पहिले वाक्य होते ज्याला तळटीप नव्हती. "सरासरी म्हणजे सगळे नव्हेत. काही जण जास्त जगले. फार जास्त. तू त्यांच्यातली नसशील कशावरून?"

"नाहीये असं कुठं म्हणतेय मी?" ताई म्हणाली. "असेनही. हेच वाक्य मला आधी सांगितलं असतंत, तर मी रात्रभर त्यावर विचार केला असता आणि कदाचित हो म्हटलं असतं. आता विचारच करता येत नाही मला. तुमचं काहीही ऐकलं की आधी ती चौकट दिसते."

ती स्टुलावरून उतरली, कागदावरच्या दोन जिन्यांजवळ आली आणि तो कागद तिने आपल्या सवयीने, कडेला कड नेमकी जुळवून, बोटांच्या टोकांनी घडी दाबत दुमडला.

"शुक्रवारी मी 'नाही' असं सांगणार आहे. हे माझं झालं. आता तुमचं. उद्या सकाळी तुम्ही साहेबांकडे जायचं, पुस्तिका परत मागवायची आणि ज्यांना ती मिळाली त्यांना कळवायचं. काय सांगणार ते आत्ता म्हणून दाखवा. तुमचा भरवसा नाही, वाटेत त्याला मखरात बसवून न्याल. आणि तू, शहाणे, उतरवून घे."

मी पेन काढले. भावोजी खुर्चीत बसले नाहीत. वर्गात उभे राहत तसे टेबलाशी उभे राहिले आणि घसा साफ केला.

"उपरोक्त पुस्तिकेतील काही मजकुरात त्रुटी राहून गेल्याचे निदर्शनास आले आहे."

"राहून गेली?" ताई म्हणाली. "पाहुणी होती का ती? आणि कुणाच्या निदर्शनास आली? हिच्या. तुम्हाला आधीपासून ठाऊक होती."

"सदर विश्लेषणाचा अर्थ लावताना वाचकांचा गैरसमज होण्याची शक्यता..."

"वाचकांचा? आता चूक माझी?"

"भावोजी," मी म्हणाले, "या उत्तराला तुम्ही मला किती गुण दिले असते?"

"शून्य," ते म्हणाले. "आणि वर्गाबाहेर उभं केलं असतं."

ते खिडकीकडे वळले. बाहेर समोरच्या इमारतीत कुणीतरी गादी उन्हात टाकून बडवत होते. धप, धप, आणि मधे विश्रांती. बोलले तेव्हा पाठ आमच्याकडेच होती आणि आवाज वर्गातला नव्हता. मी त्यातला एकही शब्द सुधारलेला नाही. व्याकरणही तसेच ठेवले आहे. ते म्हणाले:

"नव्या औषधाने काही आठवड्यांचा फरक पडला, तोही पडलाच असं म्हणता येत नाही. हे मला निकाल आला त्याच दिवशी माहीत होतं, मीच तो काढला. कोर्स पुरा करणाऱ्यांची वेगळी तुलना मी मुद्दाम केली. ती खोटी दिसणार नाही आणि खरी असणार नाही, हे ठरवून केली. कुणी मागितली नव्हती. मला हिच्यामागे एकटं राहायचं नव्हतं. हिला फसवता यावं म्हणून मी ज्यांना ओळखतही नाही अशा सगळ्यांना फसवलं, आणि त्यातल्या काहींची बोटं गेली असतील, ती मला परत देता येणार नाहीत. सरळ विचारता आलं असतं, की माझ्यासाठी घेशील का. नाही म्हणाली असती तर ते ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून विचारलं नाही."